संयुगाचे नाव: जाती की उपाधी?

सूत्र पाहून संयुगाला नाव देण्याची रीत शाळेतच शिकवली जाते. सूत्रात एक धातू आणि एक अधातू असेल तर संयुग आयनिक धरायचे, धातूचे नाव आधी घ्यायचे आणि लोखंडासारखा धातू एकाहून अधिक संयुजा दाखवत असेल तर ती रोमन अंकाने सांगायची. दोन्ही अधातू असतील तर संयुग सहसंयुज. तिथे अणूंची संख्या मोनो, डाय, ट्राय या उपसर्गांनी कळवायची. या रीतीची मुळे १७८७ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी मांडलेल्या नामपद्धतीत आहेत. पदार्थाचे नाव त्याच्या घटकांवरून पडावे, हा त्यांचा आग्रह होता. रसायनशास्त्राला त्यामुळे शिस्त आली यात शंका नाही. पण त्यातून उठणारा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. ‘आयनिक’, ‘सहसंयुज’ हे वर्ग पदार्थांत मुळातच आहेत, की आपण ते पदार्थांवर घातले आहेत?

वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी या प्रश्नासाठी फार उपयोगी भेद करून ठेवला आहे. अनेक वस्तूंत खरोखर राहणारे, नित्य असे सामान्य म्हणजे जाती. आणि आपल्या सोयीने जोडलेला समान धर्म म्हणजे उपाधी. कुठलाही समान धर्म जाती ठरू नये म्हणून दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी काही बाधके सांगितली. त्यांपैकी संकर हे मला सर्वांत मोलाचे वाटते. दोन धर्म काही वस्तूंत एकत्र राहतात, पण प्रत्येक धर्म दुसऱ्याला सोडूनही कुठेतरी आढळतो, असे झाले तर ते जाती होऊ शकत नाहीत. भूतत्व (महाभूत असणे) आणि मूर्तत्व (मर्यादित आकारमान असणे) हे त्याचे ठरलेले उदाहरण. पृथ्वीत दोन्ही आहेत, आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही. हीच कसोटी सूत्राला लावून पाहावी. मिठात धातू आहे आणि आयनिक बंधही आहे. नवसागरात, म्हणजे अमोनिअम क्लोराइडमध्ये, एकही धातू नाही, तरी ते आयनिक आहे. मर्क्युरिक क्लोराइडमध्ये पारा हा धातू आहे, पण ते २७६ अंश सेल्सिअसलाच वितळते (मिठाला ८०१ अंश लागतात) आणि पाण्यात विरघळल्यावर वीज जेमतेम वाहून नेते. म्हणजे धातू असूनही ते आयनिक म्हणता येत नाही. इथे संकर स्पष्ट आहे. सूत्रातला धातू पाहून आपण जो वर्ग सांगतो, तो उपाधीच्या पातळीवरचा आहे.

यावर रसायनशास्त्राचा अभ्यासक म्हणेल की दोष सूत्राच्या अपुरेपणाचा आहे. रचना दाखवणारे सूत्र घ्या, म्हणजे संकर मिटेल. हा आक्षेप निम्मा खरा आहे. सिल्व्हर सायनेट आणि सिल्व्हर फल्मिनेट यांच्यात चांदी, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकाच प्रमाणात आहेत. तरी दुसरे जरा घासले तरी स्फोट पावते आणि पहिले तसे नाही. व्होलर आणि लीबिग यांच्यापुढे १८२०च्या दशकात उभे राहिलेले हे कोडे अणूंच्या मांडणीनेच सुटले. पण आयनिक आणि सहसंयुज यांच्यामधली सीमा मांडणी दाखवूनही पक्की होत नाही, कारण बंधाचे आयनिकपण कमीजास्त होत जाते. विद्युतऋणतेतला फरक १.७च्या आसपास गेला की बंध आयनिक म्हणावा, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ती रेघ आपणच ओढलेली आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा आणि अधिक खोल आहे. बौद्ध तार्किक म्हणतील, मग जाती नावाचे काही मानताच कशाला? शब्द फक्त इतरांना वगळतो. समानता ही कल्पनेची निर्मिती आहे. मला हे मान्य करता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो आणि जीव घेतो. कार्बन डायऑक्साइड तसा धरत नाही. नावातल्या मोनो आणि डायमागचा एका अणूचा फरक कोणाच्या कल्पनेवर अवलंबून नाही. उपाधी आपण जोडतो खरी, पण ती जिथे टिकते तिथे वस्तूच्या स्वभावाचा आधार असतो, म्हणून तर न पाहिलेल्या संयुगाबद्दलही नावावरून अंदाज बांधता येतो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो.

शिवाय संकराची कसोटी पार करणारे वर्गही रसायनशास्त्रात आहेत. १९१३ साली मोझलीने क्ष-किरणांच्या वर्णपटावरून दाखवले की मूलद्रव्यांचा क्रम केंद्रकावरच्या प्रभारावरून ठरतो. क्लोरीनच्या अणूचे वस्तुमान ३५ असो वा ३७, त्यात प्रोटॉन सतराच असतात. सतरा आणि अठरा यांच्यामध्ये काही नाही आणि एकाच केंद्रकात दोन्ही संख्या असू शकत नाहीत. म्हणून ‘सोडिअम क्लोराइड’ या नावातले सोडिअम आणि क्लोरीन मी जाती मानतो. तेच संयुग आयनिक आहे असे म्हणताना मात्र मी उपाधी वापरत असतो.