शून्याची साक्ष

एक काकू होत्या. मोदक, सोललेले मटार आणि ओलं खोबरं विकून त्या घर चालवत. सगळा माल एका उभ्या फ्रीजरमध्ये राही. त्याच्या दारावर आकडा दिसे, उणे 18. तो पाहिला की काकू निर्धास्त झोपत.

हाताखाली एक मुलगी होती. एके दिवशी ती म्हणाली, "काकू, मटार पिशवीत खुळखुळत नाहीत. गोळा झालाय. मध्ये विरघळून परत गोठले असणार."

काकूंनी दाराकडे बोट दाखवलं. "आकडा बघ. तूच दार नीट लावत नसशील."

मुलगी गप्प बसली.

थोड्या दिवसांत मोदकही मऊ पडले. एक मेकॅनिक आला, गॅस भरून गेला. फरक पडला नाही. दुसरा म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय, बदला." त्याने सांगितलेली रक्कम ऐकून काकू मटकन खाली बसल्या.

मग एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी दोन पिशव्यांच्या मध्ये साधा थर्मामीटर ठेवला, दार लावलं आणि चहा मागितला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. थर्मामीटरवर उणे 6, दारावर उणे 18, आणि कॉम्प्रेसर बंद.

"वहिनी, हा दमलेला नाही. काम झालं असं याला कुणीतरी सांगतंय, म्हणून हा थांबतो."

आतलं कव्हर काढून त्यांनी सेन्सर बाहेर घेतला. जेमतेम डाळीएवढा. तो जितका गार होतो तितका त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, आणि त्यावरून बोर्ड थंडी ओळखतं. मिस्त्रींनी ग्लासात कुटलेला बर्फ आणि पाणी ढवळलं, त्यात सेन्सर बुडवला. बर्फ आणि पाणी एकत्र आहेत तोवर तापमान शून्यावरून हलत नाही. इतका भरवशाचा साक्षीदार घरात दुसरा नाही. या जातीच्या सेन्सरने तिथे 33 किलोओहमच्या आसपास दाखवायला हवं होतं. बोर्डाकडच्या टोकाला मीटर लावला, तर आकडा 60 च्या पुढे गेला.

"म्हणजे सेन्सर खोटा," मुलगी म्हणाली.

"घाई नको, बाळा."

मिस्त्रींनी सेन्सरजवळ वायर थोडी सोलली आणि तिथे मीटर लावला. 33. सेन्सर खरंच सांगत होता. मधल्या जोडात ओल शिरून तांब्यावर हिरवा गंज चढला होता. त्या गंजाचा विरोध सेन्सरच्या विरोधात मिळे, आणि बोर्डाला वाटे, भरपूर गार झालं. त्यांनी जोड कापला, नवा डाख दिला, वर स्लीव्ह चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर आणि थर्मामीटरवर एकच आकडा होता.

कॉम्प्रेसरने सांगितलेलं ऐकलं होतं, सेन्सरने जाणवलं ते सांगितलं होतं. बिघाड दोघांच्या मध्ये होता, आणि ठपका मात्र आधी मुलीवर आला, मग कॉम्प्रेसरवर.

काकूंनी थर्मामीटर फ्रीजरमध्येच ठेवला आणि मुलीला हाक मारली. "चुकलं माझं. उद्यापासून सकाळी दोन्ही आकडे तू बघायचे. जुळले नाहीत, किंवा मटार हाताला वेगळे लागले, तर मला सांग. मी काहीही म्हटलं तरी सांग."