ट्रंकेतली ठेव

बँकेत येणारं गिऱ्हाईक दोन जातीचं असतं. एक ठेव ठेवणारं आणि दुसरं लॉकर उघडणारं. ठेववाला काउंटरवर पैसे मोजून देतो, पावती घेतो, पावतीवरचं स्वतःचं नाव दोनदा वाचतो आणि जातो. त्याचे पैसे उद्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरात नाही तर म्हशीत जाऊन बसणार, हे त्याला माहीत असतं आणि चालतंही. लॉकरवाल्याचं तसं नाही. आमचा माणूस आपली किल्ली फिरवून बाहेर येतो, मग हा आत एकटाच खुडबुड करतो आणि बाहेर येताना चेहरा असा ठेवतो, की जणू देवाला नैवेद्य दाखवून आला. आत काय आहे ते आम्हाला ठाऊक नसतं. ठाऊक असू नये असाच नियम आहे. बावीस वर्षं नोकरी केल्यावर माझं आपलं एक खाजगी मत झालंय, की निम्म्या लॉकरांत तोट्या नसलेल्या गौरी-गणपतीच्या झाऱ्या आणि सासूनं न दिलेल्या दागिन्यांच्या रिकाम्या डब्या असाव्यात. पण भाडं वेळेवर येतं. आपल्याला काय!

ह्या दोन जातींवर मी गंभीरपणे विचार करू लागलो तो बँकेत नव्हे, आमच्या राणीसावरगावात. तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. गंगाखेड म्हटलं की लोकांना संत जनाबाई आठवते, आणि राणीसावरगाव म्हटलं की "हां हां, नवरात्रात रेणुकादेवीला येऊन गेलो होतो" म्हणतात. नावातच राणी असल्यावर गावाला इतिहासाची हौस असायचीच. तर गावातल्या चार मंडळींनी ठरवलं, की एखादी खोली बघून गावातल्या जुन्या वस्तू तिथं मांडाव्यात, पोरांना दाखवाव्यात. एक निवृत्त गुरुजी, एक मेडिकलवाले, एक बागाईतदार, आणि बँकेतला म्हणून मी. आमच्याकडं बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला लग्नात आहेर लिहायला बसवतात, गणपतीत वर्गणी लिहायला बसवतात. इतिहास लिहायला बसवताहेत म्हणून मी नवी पँट घालून गेलो. तिथं कळलं, की इतिहास गुरुजी लिहिणार. मी पावत्या लिहायच्या.

वस्तू मात्र भराभर आल्या. पायली आली, अधोली आली, शेर आले. घराघरातून कंदील आले, ते इतके की लोडशेडिंग परत आलं असतं तरी गावाला चिंता नव्हती. निजामाच्या नाण्यांची चिल्लर आली. एक तलवार आली. तलवारीपेक्षा तिची कथा लांब होती. एकानं जुना रेडिओ आणला. मी शेऱ्याच्या रकान्यात 'चालू नाही' असं लिहिलं, तर तो भडकला, "चालू असता तर आणला असता का?" मुद्दा बिनतोड होता.

आला नाही तो फक्त कागद.

आता मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या घरात जा, माळवदाखाली एक लोखंडी ट्रंक असतेच. तिच्यात कागद असतात. कुणाचे मोडीत, कुणाचे उर्दूत. आमचं गाव जागचं तसूभर हललं नाही, पण वरची राज्यं बदलत गेली. १९४८ पर्यंत निजाम, मग भारतातलं हैदराबाद राज्य, १९५६ ला मुंबई राज्य आणि १९६० ला महाराष्ट्र. प्रत्येक नव्या राज्यानं नवा कागद दिला. जुना फेकायची हिंमत कुणाला झाली नाही आणि वाचायची अक्कल कुणाला उरली नाही. तेव्हा कागद आहे, आणि तो घरात प्रत्येकाला माहीत आहे. पण विचारलं की उत्तर एकच: "हाय की. पर कामून दाखवू?"

हा 'कामून' वाटतो तेवढा साधा नाही. महाराष्ट्रात तो शंभर-सव्वाशे वर्षं चालू आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्या माणसानं अर्धं आयुष्य लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवण्यात घालवलं. (हे तोंड पुसायचे रुमाल नव्हेत, दप्तराचे. हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं.) १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पुढं असे बावीस निघाले. पहिल्या खंडात १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत, म्हणजे पानिपतापर्यंतची. आता हिशेब करा. पानिपतात गेलेली माणसं अख्ख्या महाराष्ट्राची. पण त्यांच्या मागची पत्रं १३७ वर्षं कुणाकुणाच्या दप्तरात बांधून पडलेली, घरची इस्टेट म्हणून. दुःख सार्वजनिक आणि पावती खाजगी! राजवाड्यांनी ती छापून टाकली. छापलेला कागद परत ट्रंकेत घालता येत नाही, ही त्यातली गोम.

पुढं १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, तेही राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे ह्यांच्याच पुढाकारानं. आज त्या मंडळात लाखांनी मोजावे इतके कागद आहेत. पण राजवाड्यांचं स्वतःच्या मंडळाशीही शेवटपर्यंत पटलं नाही. ते धुळ्याला जाऊन राहिले, १९२६ च्या शेवटच्या दिवशी तिथंच वारले, आणि १९२७ ला धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ सुरू झालं. माणूस असताना भांडण आणि गेल्यावर संस्था, ही आपली जुनीच रीत आहे. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही, निदान संस्था तरी होते.

"पुण्याचं सोडा," बागाईतदार म्हणाले, "तिकडं पेशवे व्हते. आपल्याकडं काय हाय?"

त्यावर गुरुजींनी तेरचं नाव काढलं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं. तिथले रामलिंगप्पा लामतुरे गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू जमवत राहिले. मणी, मातीची चित्रं, खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. लोक ज्याला कचरा म्हणत होते तो जमवता जमवता तेवीस हजारांच्या वर गेला. हेच तेर म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर, ज्याचं नाव ग्रीक खलाशाच्या पुस्तकात आहे. तिथं सापडलेली एक हस्तिदंती बाहुली तर अशी, की १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडलेल्या बाहुलीची बहीण शोभावी. लामतुऱ्यांनी हा संग्रह घरात ठेवला असता तर कायद्याचं माहीत नाही, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांची काही हरकत नसती. त्यांच्या घराण्याकडून तो सरकारकडं गेला, आणि आज तेरला त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं आहे. एका गावकऱ्यानं लॉकर न घेता ठेव ठेवली. व्याज आपण खातोय.

पण खरं सांगू का? लामतुऱ्यांची बाहुली दाखवायला सोपी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचे नातेवाईक येऊन भांडत नाहीत. अडचण असते ती सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या कागदाची.

कारण अखेर आमच्याकडं एक कागद आला. आणला एका आजींनी. घराण्याची समजूत अशी, की तो निजाम सरकारनं दिलेल्या इनामाचा कागद आहे. वरच्या शिक्क्यावरून तसा समज झालेला. आजींचं म्हणणं, तो मधल्या भिंतीवर लावा, तलवारीच्या वर. मोडी वाचणारा शोधावा लागला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली, तेव्हापासून मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना आमच्या भागात एमबीबीएसचा मान आहे. गुरुजींच्या नुसत्या विनवणीनं न उघडलेल्या ट्रंका त्या वर्षी धडाधड उघडल्या होत्या. दाखल्यापुरत्या उघडल्या आणि परत कुलूप.

तर वाचणारे आले, चष्मा लावला, वाचायला लागले आणि मध्येच थांबले. इनाम कसलं, ते गहाणखत निघालं. 'लिहून देणार' आजींचे सासरे. मुलीच्या लग्नासाठी घेतलेले हाली रुपये आणि गहाण दिलेलं शेत. 'लिहून घेणार' ह्याच्यापुढं जे नाव होतं ते आमच्या मंडळातल्या बागाईतदारांच्या आजोबांचं. आणि जे शेत ते आज बागाईतदार कसतात. ज्या कपाटात आम्ही कागद ठेवणार होतो ते कपाटही त्यांनीच दिलेलं.

खोलीत जी शांतता पसरली ती मी फक्त ऑडिटच्या वेळी अनुभवलेली आहे.

मेडिकलवाल्यांनी सुचवलं, की फक्त वरचा अर्धा भाग, म्हणजे शिक्क्याचा, फ्रेम करावा. गुरुजी म्हणाले, इतिहास अर्धा लावता येत नाही. मला विचारलं. बँकेत आम्हाला नोकरीला लागतानाच गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. कुणाचं किती कर्ज, कुणाचं काय गहाण, हे मी घरीसुद्धा बोलत नाही. बायकोचा समज असा, की मला माहीतच नसतं. ज्या माणसाचा पगारच न बोलण्याचा, त्यानं ऐंशी वर्षांपूर्वीचं गहाणखत भिंतीवर लावा म्हणून कसं सांगावं?

मग मी माझ्या पद्धतीनं विचार केला, म्हणजे मुदतीचा. बँकेत दहा वर्षं एखाद्या ठेवीला कुणी हात लावला नाही, की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण मालकाचा हक्क मरत नाही, तो किंवा त्याचा वारस केव्हाही येऊन मागू शकतो. जमिनीत पुरलेलं धन दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला कळवायचं, असं १८७८ च्या कायद्यात आहे. दहा रुपये! आणि पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा वस्तूला जुनी म्हणायला शंभर वर्षं मागतो, पण ऐतिहासिक मोलाच्या कागदाला पंचाहत्तरच. म्हणजे पोलीस ॲक्शनच्या आधीचा प्रत्येक कागद आज पंचाहत्तरी उलटून बसलाय. पंचाहत्तर हा आकडा कुणी काढला असेल तो असो, त्याला माणसं कळत होती. पंचाहत्तर वर्षांत लिहून देणारा जातो, घेणारा जातो, साक्षीदारही जातात. उरतात नातवंडं. त्यांच्याकडं शेत असतं किंवा शेत गेल्याची गोष्ट असते. कागदातला माणूस कुणाकडंच नसतो.

शिवाय आणखी एक गोष्ट मला छळत होती. ती म्हणजे, असले कागद मी रोज तयार करतो. हल्ली त्यावर बारकोड असतो, एवढाच फरक. माझ्या हातून गेलेल्या गहाणखतांत कुणाच्या तरी मुलीचं लग्न आहे, कुणाची बोअर आटलेली आहे. आणि प्रत्येक कागदावर कोपऱ्यात माझी ती कोंबडीच्या पायासारखी सही आहे. आणखी पंचाहत्तर वर्षांनी एखादा गुरुजी तो कागद बाहेर काढील तेव्हा त्यानं तो झाकावा असं मला वाटेल का? वाटणार नाही. कंदील आणि पायल्या मांडल्या म्हणजे भांड्यांचं दुकान होतं, गाव होत नाही. गाव कशावर उभं राहिलं आणि कशापायी खचलं ते ह्या कर्जाच्या कागदांत आहे. देणाऱ्यानं त्या साली पैसे दिले नसते तर लग्न मोडलं असतं, हेही त्यातच आहे. तेव्हा मी म्हणालो, लावायचा असेल तर पूर्ण लावा. पण आधी आजींना पूर्ण वाचून दाखवा, आणि त्या नको म्हणाल्या तर घडी करून परत द्या. कागद त्यांचा आहे.

बागाईतदार इतका वेळ काही बोलले नव्हते. ते उठून टेबलापाशी आले आणि कागदाच्या खालच्या टोकाला बोट न लावता दाखवत म्हणाले, "ही सही आमच्या आजोबाची?" वाचणाऱ्यांनी हो म्हटलं. बराच वेळ ते बघत राहिले. घरात आजोबांचा एक फोटो आहे म्हणाले, पण अक्षर कधी पाहिलं नव्हतं. मग चाचरत विचारलं, की एक झेरॉक्स मिळेल का. शेताबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, आणि ते काढतील अशी माझी अपेक्षाही नाही. झेरॉक्सचे पैसे मात्र दोघांचेही त्यांनीच दिले.

आजींना सगळं वाचून दाखवलं. इनाम गेल्याचं त्यांना वाईट वाटलं. शेत गेल्याचं त्यांना माहीतच असावं. "लावा," म्हणाल्या. मी पावती फाडली: कागद एक, मोडी, घडीवर विरलेला. शेऱ्यात त्यांनी लिहायला लावलं, 'मागेल तेव्हा परत.' मग पावती चंचीत खोचता खोचता त्यांनी वाचणाऱ्यांना परत विचारलं, "व्याज किती लावलं व्हतं म्हणला?"

"शेकडा एक. दर महिन्याला."

"म्हंजी वर्साला बारा." आजी माझ्याकडं वळल्या. "आन् लेकीच्या लग्नाला पैसे पायजेत म्हणलं तर तुमची बँक कितीनं देती रं?"

मी सांगितलं.

"लई फरक न्हाई मग," त्या म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.