समुद्राला मिळालेले पाणी वाया जाते का?

पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहू लागल्या की एक वाक्य हमखास कानावर येते : "एवढे पाणी समुद्रात वाया गेले." कोकणातल्या नद्यांबद्दल हे म्हटले जाते, गोदावरी-कृष्णेबद्दल म्हटले जाते आणि दूर दक्षिणेत कावेरीबद्दलही म्हटले जाते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. कोरडे शेत आणि रिकामा हंडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. तरीही या साध्या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे : जे माणसाच्या उपयोगी पडले तेच सार्थकी लागले, बाकीचे फुकट गेले. माणूस आणि निसर्ग यांच्या नात्यात आज जे बिघडले आहे, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या गृहीतात आहे. म्हणून ते तपासून पाहू. त्यासाठी तंजावरसारखे दुसरे ठिकाण नाही.

माणसाने घडवलेली भूमी

तंजावर आपल्याला परके नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. १८५५ पर्यंत ते घराणे तेथे नांदले. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रे आजही आहेत. हे सारे वैभव ज्या एका गोष्टीवर उभे होते, ती म्हणजे कावेरीचे पाणी.

पण तंजावरची हिरवी भातखाचरे नुसती निसर्गाची देणगी नाहीत. तिरुचिरापल्लीच्या वर कावेरीचे दोन फाटे होतात. दक्षिणेकडचा फाटा कावेरी, उत्तरेकडचा कोळ्ळिडम. कोळ्ळिडमचे पात्र अधिक उताराचे आणि खोल आहे. त्यामुळे पाण्याची धाव तिकडे असते आणि तंजावरकडचा फाटा गाळाने भरत जातो. श्रीरंगमच्या खाली जेथे हे दोन फाटे पुन्हा जवळ येतात, तेथे करिकाल चोळाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दगडांचा बांध घातला, अशी परंपरा सांगते. तोच 'कल्लणै'. या बांधाचे वैशिष्ट्य असे, की त्याने नदी अडवली नाही. नदीच्या वाळूत दगड रुतू दिले, त्यांवर आणखी दगड रचले आणि पाण्याला फक्त वळण दिले. पूर आला की जादा पाणी बांधावरून पलीकडे कोळ्ळिडममध्ये आणि तेथून समुद्राकडे निघून जाई.

म्हणजे माणसाने निसर्गाला हातच लावू नये, हे म्हणणे येथे टिकत नाही. तसे झाले असते तर तंजावर हे भाताचे कोठार झालेच नसते. हात लागणारच. तो कोणत्या वृत्तीने लागतो, हा खरा प्रश्न आहे.

एका उपायातून दुसरा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीचा फाटा गाळाने इतका भरला, की तंजावरकडे पाणी कमी येऊ लागले. तेव्हा आर्थर कॉटन या अभियंत्याने फाटे फुटतात तेथे, मुक्कोंबू येथे, कोळ्ळिडमवर बंधारा बांधला. १८३६ मध्ये तो पूर्ण झाला. कावेरीला पाणी मिळाले, पण आता ते इतके मिळू लागले की तिचे पात्र खरवडले जाऊ लागले. मग कावेरीच्या मुखाशीही बांधकाम करावे लागले. पुढे १९३४ मध्ये वरच्या बाजूला मेट्टूरचे धरण झाले. सिंचन वाढले, पुरांवर ताबा आला. पण ज्या गाळाने हा त्रिभुज प्रदेश हजारो वर्षे घडवला, तो गाळही धरणांच्या मागे साठू लागला. ज्या किनाऱ्याला नवी माती मिळत नाही, तेथे समुद्र पुढे सरकतो.

२२ ऑगस्ट २०१८ च्या रात्री मुक्कोंबूच्या त्या जुन्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे पुरात वाहून गेले. बांधकामाचे वय हे एक कारण होतेच, पण नदीपात्रातल्या बेसुमार वाळूउपशाकडेही अनेकांनी बोट दाखवले. पायाखालची वाळू विकायची आणि वरचा बंधारा टिकावा अशी अपेक्षा ठेवायची, हे कसे जमणार?

यातून प्रगती वाईट असे सिद्ध होत नाही. कर्माचे फळ टळत नाही, ही आपल्या परिचयाची गोष्ट मात्र सिद्ध होते. आपण कर्माचा नियम व्यक्तीच्या जीवनाला लावतो. तो समाजाच्या कर्मालाही तितकाच लागू आहे. फरक इतकाच, की समाजाच्या कर्माचे फळ अनेकदा ते करणाऱ्याला मिळत नाही. ते खालच्या गावाला मिळते किंवा पुढच्या पिढीला मिळते.

शेजारी कधी विसरला गेला?

कावेरीच्या प्रदेशात 'कुडिमरामत्तु' नावाची पद्धत होती. कुडि म्हणजे रयत आणि मरामत्तु म्हणजे आपली मरम्मत. पाणी येण्याआधी गावकऱ्यांनी एकत्र येऊन कालवे आणि तळी यांतला गाळ काढायचा, बांध नीट करायचे. पाणी घेणारा प्रत्येक जण पाण्याची निगा राखण्यात सहभागी असे. पुढे मूळ कारभार दूरच्या कचेरीत गेला आणि हे बंधन सैल झाले. १८५८ मध्ये मद्रास सरकारला कायदा करून हे श्रमदान सक्तीचे करावे लागले. जे काम आपले म्हणून होत होते, ते शिक्षेच्या भीतीने करून घ्यावे लागले, तेव्हाच त्यातला प्राण गेला होता. अलीकडे, २०१७ च्या सुमारास, तमिळनाडू सरकारने याच नावाची योजना पुन्हा सुरू केली.

नंतर विजेचा पंप आणि बोअर आले. कालव्याचे पाणी माणसाला शेजाऱ्याची आठवण करून देते, कारण वरच्याने सोडल्याशिवाय खालच्याला ते मिळत नाही. बोअरचे पाणी शेजाऱ्याला विसरायला लावते. खाली साठा एकच असतो, पण प्रत्येकाला वाटते की आपण आपल्या जमिनीतले पाणी काढत आहोत. किनाऱ्याजवळ भूजल उपसत गेले की त्याची जागा समुद्राचे खारे पाणी घेते. त्या खाऱ्या विहिरीचा मालक बहुधा सर्वांत जास्त उपसा करणारा नसतो. तो सर्वांत टोकाला राहणारा असतो.

नदीचा वाटा

कावेरीच्या पाण्याचा तंटा जुना आहे. १८९२ आणि १९२४ चे करार झाले, १९९० मध्ये लवाद नेमला गेला, २००७ मध्ये त्याचा निवाडा आला आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात काही बदल करून अंतिम निर्णय दिला. एकूण ७४० टीएमसी, म्हणजे ७४० अब्ज घनफूट पाणी वाटायचे होते. तमिळनाडूला ४०४.२५, कर्नाटकाला २८४.७५, केरळला ३० आणि पुदुच्चेरीला ७ टीएमसी मिळाले. उरलेल्या १४ पैकी १० टीएमसी पर्यावरणाच्या रक्षणासाठी आणि ४ टीएमसी समुद्रात अपरिहार्यपणे जाणाऱ्या पाण्यासाठी धरले गेले.

चारही वाटेकऱ्यांना वकील होते. नदीला मात्र नव्हता. तरीही तिच्या नावाने शंभरात जेमतेम दोन भाग का होईना, बाजूला ठेवले गेले. हा वाटा पुरेसा आहे का, हे तज्ज्ञांनी ठरवावे. आपल्यासाठी महत्त्वाचे हे, की वाटपाच्या कागदावर नदीचाही एक रकाना असू शकतो.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या घरांत जेवणाआधी चित्राहुती घालतात, गोग्रास काढतात, श्राद्धाला काकबळी ठेवतात. पंचमहायज्ञांतल्या भूतयज्ञाचा अर्थच असा, की ताटातले सर्व आपले नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत अन्न, पर्जन्य, यज्ञ आणि कर्म यांचे एक चक्र सांगतात. जो त्या चक्रातून घेतो पण परत काही देत नाही, त्याला ते चोर ठरवतात. आपण हा विचार ताटापुरता जपला. नदी, जमीन आणि भूजल यांच्यापुढे आलो की मात्र गोग्रासाला 'वाया गेले' म्हणू लागलो.

समुद्राकडे जाणारे पाणी वाया जात नाही. ते खाऱ्या पाण्याला मागे रेटते, किनाऱ्याला गाळ पुरवते, खाडीतल्या माशांना जगवते. त्या माशांवर कोळ्याचे घर चालते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. २०१६-१७ च्या भीषण दुष्काळात कावेरीकाठचा शेतकरी पिकासाठी टाहो फोडत होता. २०१७ मध्ये तमिळनाडूचे शेतकरी दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलनाला बसले होते. अशा माणसाला 'आधी नदीचा वाटा काढ' असे सांगणे क्रूरपणाचे नाही का? आहे. म्हणूनच त्यागाची सुरुवात ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्यापासून व्हायला हवी. हेही लक्षात घ्यावे, की नदीचा वाटा बुडाला की पहिला फटका श्रीमंताला बसत नाही. तो कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याला बसतो. नदीसाठी ठेवलेला वाटा हा त्यांचाही वाटा आहे.

दोन किलोचे चार किलो

या प्रदेशात हा विचार जगून दाखवणारी माणसे होऊन गेली. तंजावर जिल्ह्यात जन्मलेले नम्माळ्वार सरकारी कृषी संशोधन केंद्रातली नोकरी सोडून सेंद्रिय शेतीच्या प्रचारासाठी गावोगाव फिरले. कावेरीच्या खोऱ्यात भूगर्भातला मिथेन वायू काढण्याची योजना आली, तेव्हा त्यासाठी होणाऱ्या भूजल-उपशाचा धोका ते लोकांना समजावत राहिले. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच कामात असताना त्यांचे निधन झाले. २०२० मध्ये या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा झाला.

त्यांचेच अनुयायी 'नेल' जयरामन. नेल म्हणजे भात. त्यांनी १७४ पारंपरिक भातवाण जपले. बीज महोत्सवात ते शेतकऱ्याला दोन किलो बियाणे विनामूल्य देत. अट एकच : पुढच्या वर्षी चार किलो परत आणायचे, म्हणजे ते आणखी दोघांना देता येईल. २०१८ मध्ये ते गेले, पण बियाणे शेतांतून फिरत राहिले. ऋण फेडणे म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

पूजा आणि निगा

आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, कावेरीकाठी 'आडिपेरुक्कु' साजरा होतो. स्त्रिया नदीला फुले, हळद-कुंकू आणि भाताचे प्रकार अर्पण करतात. तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूर मारिअम्मनची मूर्ती दगडाची नाही, वारुळाच्या मातीची आहे. म्हणून तिला पाण्याचा अभिषेक करत नाहीत, ठराविक वर्षांनी तैलसंस्कार करतात. मातीची देवता आहे तर तिला सोसेल तसेच वागायचे, हे भक्ताला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. मूर्तीपुढे आपल्याला जे सहज कळते, ते देवळाबाहेरच्या मातीपुढे आणि पाण्यापुढेही कळले पाहिजे.

आपण प्रत्येक जण धरण बांधत नाही, पण नळ, मोटार, शेत, सोसायटीची बोअर यांपैकी काहीतरी आपल्या हातात असते. ते वापरताना दोन प्रश्न स्वतःला विचारता येतील. मी जे घेतो आहे त्याच्या निगेत माझा हात आहे का? आणि माझ्यानंतर, माझ्या खालच्या बाजूला जो आहे, त्याचा वाटा मी आधी काढून ठेवला का? आपल्या गावातल्या ओढ्याचा गाळ काढण्याचे एका दिवसाचे श्रमदान, सोसायटीच्या बोअरशेजारी पावसाचे पाणी मुरवणारा एक खड्डा, यातूनही या प्रश्नांचे उत्तर देता येते. मग नदी समुद्राला मिळाली की काही हरवले असे वाटणार नाही. ताटातला एक घास योग्य जागी पोचला, असेच वाटेल.