मित्राच्या हातची पुडी

मागील पावसाळ्यांत भद्रावतीच्या आसपासच्या गांवांतून फिरत असतां एका तरुणानें आम्हांस वाटेंत थांबविलें. वय सुमारें एकोणीस वर्षांचें. मजुरांच्या एका टोळीबरोबर तो रोज कामास जातो. तो म्हणाला, "पाळकसाहेब, मी खर्रा खात नव्हतो. पण टोळीतले सारेच खातात. नाही म्हटलं का म्हणतात, 'तू आमच्यातला नाहीस का बे?' आता तुम्हीच सांगा, दोस्ताचं मन मोडणं वाईट, का त्याच्या हातचं घेणं वाईट?"

आम्हीं तेथल्या तेथें उत्तर दिलें, "बाबा, घेऊं नकोस." तो "बरं" म्हणून गेला, परंतु त्याचें समाधान झालें नाहीं हें त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतें. घरीं आल्यावर विचार करितां आमच्या ध्यानांत आलें कीं, त्यानें प्रश्न केला होता मैत्रीविषयीं, आणि आम्हीं उत्तर दिलें तंबाखूविषयीं. त्यास जें उत्तर तेव्हांच द्यावयास पाहिजे होतें, तें आज येथें देण्याचा आमचा विचार आहे. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाहीं.

खर्रा म्हणजे काय हें चंद्रपूर व गडचिरोलीकडील वाचकांस सांगावयास नको. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू व चुना हीं पन्नीवर एकत्र घालून पानठेल्यावर घोटतात, आणि त्याच पन्नीची पुडी बांधून देतात. चुन्यामुळें तंबाखूंतील निकोटिन तोंडाच्या आंतील नाजूक त्वचेंतून लवकर रक्तांत उतरतें आणि शरीरास त्याची संवय जडते. सुपारीमुळें गालाच्या आंतील त्वचा कठीण होत जाते. तिखट सोसत नाहीं, पुढें तोंड पुरतें उघडेनासें होतें, आणि तोंडाच्या कर्करोगाचें भय फार वाढतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तंबाखूवांचून नुसत्या सुपारीसहि कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत घातलें आहे. २०१६-१७ सालच्या सरकारी पाहणींत आपल्या देशांतील प्रौढांपैकीं शेंकडा २८.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेणारे आढळले. महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा २६.६ होतें. यांपैकीं कितीजणांनीं पहिली पुडी आपण होऊन विकत घेतली असेल बरें? आम्हीं ज्यांस ज्यांस विचारलें, त्यांतील बहुतेकांनीं दुकानदाराचें नांव सांगितलें नाहीं, मित्राचें सांगितलें.

कोणी म्हणेल कीं, यास कायदा आहे. होय, आहे. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकूं नये, व शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तिचें दुकान नसावें, असा २००३ सालचा कायदा आहे. २०१२ सालीं महाराष्ट्र सरकारनें गुटख्यावर बंदी घातली. दारूविषयीं तर आमच्या या भागानें पुष्कळच अनुभव घेतला आहे. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांत ती व्हावी म्हणून २०१० सालीं हजारों स्त्रिया चिमूरपासून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायीं चालत गेल्या. २०१५ च्या एप्रिलपासून बंदी आली, आणि चोरटी विक्री व गुन्हे वाढले हें कारण सांगून सरकारनें ती २०२१ सालीं उठविली. त्या स्त्रियांचे श्रम व्यर्थ गेले असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. रस्त्यावरचें दुकान बंद होणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कायदा दुकानाच्या दारास कुलूप घालूं शकतो. मित्रानें पुढें केलेल्या तळहातास कुलूप घालण्याची शक्ति कोणत्याहि सरकारजवळ नाहीं. तेथें ज्याचा त्यानेंच निर्णय केला पाहिजे.

आतां त्या तळहाताचा विचार करूं. त्याच्या ठायीं एवढें बळ कोठून येतें? आमच्या मतें, तें बळ वाईटापासून नव्हे, तर एका चांगल्या गोष्टीपासून येतें, आणि म्हणूनच तें ओळखणें कठीण जातें. आपल्या देशांत कोणी दारीं आला म्हणजे त्यास पान-सुपारी देण्याची चाल जुनी आहे. रोवण्याच्या दिवसांत धुऱ्यावर बसून दोघे शेतकरी एकाच डबींतील तंबाखू घेतात. मंडईच्या नाटकांत रात्रभर शेजारीं बसलेले अनोळखी लोक पुडीवरून ओळखीचे होतात. "घे" या शब्दाचा अर्थ तेथें "तूं माझा आहेस" असा होतो. तेव्हां ज्या तरुणास वाटतें कीं, पुडी नाकारली तर आपण मैत्रीच नाकारली, तो कांहीं मूर्ख नव्हे. त्याच्यावर पडणारा भार खरा आहे. ज्या उपदेशकास हा भार दिसत नाहीं, त्याचा उपदेश तरुणांनीं ऐकावा तरी कां?

परंतु चांगल्या पात्रांत घातलें म्हणून विष दूध होत नाहीं. मित्र पुडी पुढें करितांना जे शब्द बोलतो, ते एकेक तपासून पाहूं.

पहिला शब्द असा: "एका पुडीनं का होते?" हें बोलणारा स्वतः दिवसाला किती पुड्या खातो, तें त्यास विचारावें. त्याचीहि पहिली एकच होती. निकोटिनाचा धर्मच असा आहे कीं, शरीर त्यास संवयलें म्हणजे तेवढ्यानें भागत नाहीं. आणि तें न मिळाल्यास डोकें दुखतें, झोंप येत नाहीं, मनुष्य उगीच चिडतो. तेव्हां एकीनें काय होतें याचें उत्तर, जो विचारतो त्याच्याच दांतांवर लिहिलेलें असतें.

दुसरा शब्द: "दोस्ताचं मन मोडू नको." येथें मित्र आपलें मन एका पारड्यांत आणि तुझें शरीर दुसऱ्या पारड्यांत घालून तोलतो. जो खरोखर मित्र आहे, त्यानें हें वजन आपल्या हातानें कसें करावें? तुझ्या घरीं खावयास नसतां तो आपली अर्धी भाकर तुला देईल. त्याविषयीं आमची शंका नाहीं. भाकर देतांना तो तुझी भूक पाहतो. पुडी देतांना तो कोणाची गरज पाहतो? तुला तर तिची गरज नव्हतीच. गरज त्याची आहे. आपण जें करितों तें सगळेच करितात, असें त्यास वाटावयास पाहिजे. एकटा न खाणारा समोर बसला असतां खाणाऱ्याचें मन आंतून टोंचतें, आणि ती टोंचणी बंद करण्यास्तव तो तुझें तोंड भरूं पाहतो. हें तो जाणूनबुजून करितो असें नव्हे. बहुधा त्याचें त्यासहि ठाऊक नसतें. म्हणून त्याचा राग न करितां त्याची कींव करावी. त्यासहि एके काळीं कोणीतरी असेंच म्हटलें होतें.

तिसरा शब्द सर्वांत जड आहे: "तू आमच्यातला नाहीस का?" यास तरुणानें एकच उत्तर मनांत ठेवावें: तुमच्याबरोबर मी माती उपसतों, तुमच्याबरोबर भिजतों, तुमच्या घरीं मयत झालें तर खांदा देतों; एवढ्यानें जर मी तुमचा होत नाहीं, तर चिमूटभर तंबाखूनें कसा होईन? जी मैत्री एक "नाहीं" सहन करूं शकत नाहीं, ती त्या "नाहीं" मुळें मोडली असें म्हणूं नये. ती आधींपासूनच पुडीच्या आधारावर उभी होती.

येथें आणखी एका मोहाविषयीं सांगणें अवश्य आहे, कारण तो चांगल्या मुलांनाच विशेष होतो. तो असा कीं, "मी त्यांच्यांत राहून त्यांस सुधारीन." महात्मा गांधी हे १९३६ पासून आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथें राहिले. त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत राजकोटच्या शाळेंतील एका मित्राची हकीकत मोकळ्या मनानें लिहिली आहे. आई, वडील बंधु व पत्नी या तिघांनीं त्यांस त्या मित्राविषयीं सावध केलें होतें. मी त्यास सुधारण्याकरितां त्याची सोबत करितों, असें त्यांनीं घरच्यांस सांगितलें. झालें उलटेंच, मित्र सुधारला नाहीं, आणि त्यांनीं मात्र त्याच्या आग्रहानें चोरून मांस खाल्लें व घरीं येऊन आईशीं खोटें बोलले. ज्यास सुधारावयाचें त्याच्याशीं अतिजवळीक ठेवून सुधारणा साधत नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं पुढें काढला. मांस खाणें बरें कीं वाईट हा येथें प्रश्न नाहीं. जें आपल्या मनास पटलें नाहीं तें केवळ मित्राकरितां केलें, आणि त्यापायीं खोटें बोलावें लागलें, हा मुद्दा आहे. पुडी खाणारा मुलगा आईसमोर तोंड बंद ठेवून उभा राहतो. तंबाखूच्या आधीं हें खोटेंपण त्यास खावयास लागतें.

आम्ही हें दुरून सांगत नाहीं. विद्यार्थीदशेंत आम्हीहि मित्रांच्या आग्रहास बळी पडलों होतों. आम्हांस त्या पदार्थाची रुचि नव्हती. पहिल्या दिवशीं तर चक्कर येऊन आम्ही भिंतीस टेंकून बसलों. तरीहि दुसऱ्या दिवशीं पुन्हां हात पुढें केला. कारण आदल्या दिवशीं मित्र हंसले होते, आणि तें हंसणें आम्हांस चकरेहून अधिक असह्य झालें होतें. ती संवय सुटावयास आम्हांस दोन वर्षें लागलीं. सुटल्यावर त्या मित्रांपैकीं दोघे दुरावले. तिसरा आजहि आमच्या सुखदुःखांत येतो. मैत्री कोणाची होती आणि सोबत कोणाची, हें आम्हांस तेव्हां कळलें.

मग तरुणानें करावें काय? पुडी नाकारावी, मित्रास नाकारूं नये. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, आणि त्या निरनिराळ्या करून दाखविणें हेंच सगळें कौशल्य आहे. "नाही गड्या, मी खात नाही" एवढें थोडक्यांत, हंसऱ्या तोंडानें म्हणावें आणि तेथेंच बसावें. उठून जाऊं नये. दांत दुखतो, उपास आहे, असल्या सबबी सांगूं नयेत. सबब उद्यां संपते, आणि उद्यां पुन्हां तोच तळहात पुढें येतो. खाणाऱ्यांस तेथेंच उपदेशहि करूं नये. त्यानें मित्राचें मन खरोखरच मोडतें. आपल्या खिशांत शेंगदाणे-गूळ किंवा फुटाणे ठेवावे आणि आपणहि कांहीं पुढें करावें; देण्याघेण्याची जी चांगली चाल आहे, ती मोडावयास नको.

आणि होईल तर एकट्यानें हें करूं नये. बाबेलच्या राजवाड्यांतील दानिएलाची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. राजाच्या मेजावरील अन्न व द्राक्षारस त्यानें नाकारला. पण दोन गोष्टी आपण विसरतों. एक ही कीं, त्यानें अधिकाऱ्याशीं भांडण केलें नाहीं. दहा दिवसांची परीक्षा करून पाहण्याची नम्र विनंति केली. दुसरी ही कीं, त्याचे तीन सोबती त्याच्याबरोबर होते. टोळींत, वर्गांत, नाटकाच्या मंडपांत "नाहीं" म्हणणारा आणखी एकच जण शोधून काढावा. दोघे झाले म्हणजे हंसणारांचा जोर निम्मा होतो.

ज्यास संवय जडून गेली आहे, त्यानें निराश होऊं नये. सोडल्यावर पहिले कांहीं दिवस सर्वांत कठीण जातात. पुढें तीन-चार आठवड्यांत तळमळ पुष्कळ ओसरते. तंबाखू सोडूं इच्छिणारांकरितां सरकारनें १८००-११-२३५६ हा दूरध्वनि ठेविला आहे. त्यास पैसा पडत नाहीं. तोंड पूर्वीइतकें उघडत नसेल, किंवा तोंडांत पांढरा चट्टा अथवा न भरणारी जखम दिसत असेल, तर मात्र विलंब न लावितां दवाखान्यांत जावें.

शेवटीं वडील माणसांस दोन शब्द. आपण तरुणांस म्हणतों, "मित्रांचें ऐकूं नकोस." परंतु सायंकाळीं दहा वर्षांच्या नातवाच्या हातीं नाणें देऊन "जा, ठेल्यावरून माझा खर्रा घेऊन ये" असें कोण म्हणतें? लग्नांत पाहुण्यांपुढें पुड्यांचें ताट कोण ठेवितें? मुलाच्या हातांत पहिली पुडी ठेवणारा मित्र नसून पुष्कळदां आपणच असतों. त्या ताटाच्या जागीं दुसरें कांहीं ठेवण्याचें मंडळ्यांनीं मनावर घेतलें, तर तरुणांचें अर्धें ओझें हलकें होईल. खर्र्यापाशीं ज्यास "नाहीं" म्हणावयाची संवय झाली, त्यास पुढें दारूपाशीं किंवा गांज्यापाशीं तोच शब्द नवीन शिकावा लागणार नाहीं.

तो तरुण दिवाळीनंतर आम्हांस पुन्हां भेटला. या वेळीं आम्ही त्याच्याजवळ बसलों आणि वर लिहिलेलें सगळें त्यास सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "सोडलं आहे, पाळकसाहेब, पण दोनदा चुकलो. टोळीतले अजून हसतात." थोडें थांबून तो पुढें म्हणाला, "पण जो खर्रा घोटून सगळ्यांना वाटते ना, तोच परवा बाजूला घेऊन मला विचारत होता, का बे, तू कसा सोडला?"

त्यास त्यानें काय सांगितलें, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "सांगितलं, उद्यापासून माझ्यासंगं बस."