कोल्हापूर की सांगली? मीमांसकांना विचारू

शिरोळ तालुक्यातल्या माणसाची जिल्हा कचेरी कोल्हापुरात, मोठा दवाखाना मिरजेत आणि लग्नाचा बस्ता बहुधा सांगलीत. जयसिंगपूरहून सांगली दहा-बारा किलोमीटर, कोल्हापूर चाळीसेक. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ पासून याच पट्ट्यातून धावते आहे. राहणे गावात असते तोवर ही वाटणी सोयीची वाटते. पण मुलांच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बिऱ्हाड हलवायची वेळ आली की वहीत दोन रकाने पडतात. कोल्हापूरच्या बाजूला १९६२ चे शिवाजी विद्यापीठ, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, औद्योगिक वसाहती. सांगलीच्या बाजूला विलिंग्डन आणि वालचंद ही महाविद्यालये, हळदीची पेठ आणि शेजारी मिरज: रेल्वेचे जंक्शन आणि डॉ. वॉन्लेस यांच्यापासून चालत आलेली दवाखान्यांची परंपरा. रकाने भरतात, पारडे झुकत नाही. मग घरात उरलेला प्रश्न भाड्याचा किंवा अंतराचा राहत नाही. दोन्हीकडे सारखीच कारणे असताना एक बाजू घेणे हा विचार म्हणायचा की लहर? आणि लहर असेल, तर तिच्यापोटी पुढची वीस वर्षे बांधून का घ्यायची? याचे सर्वांत चोख उत्तर पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदातल्या कर्मवचनांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, आहे असे माझे मत आहे, आणि घर बदलताना तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

मीमांसकांचा प्रश्न यज्ञाचा होता. एक वचन सांगते, हविर्द्रव्य साळीचे असावे. दुसरे सांगते, जवाचे. दोन्ही वचने वेदाचीच, एकाने दुसऱ्याला बाजूला सारावे असे जास्तीचे बळ कोणातच नाही, आणि दोन्ही धान्ये मिसळून वेळ भागवावी अशी मुभाही नाही. अशा ठिकाणी ते विकल्प मानतात. यजमानाने आपल्या इच्छेने एक घ्यावे. साळ घेतली तरी कर्म पुरे, जव घेतले तरी पुरे. वेदाने आज्ञा अर्धवट सोडली असे ते म्हणत नाहीत. ती जागा कर्त्यासाठी मोकळी आहे असे म्हणतात. पर्शियातल्या गझाली या इस्लामी धर्मपंडितानेही अकराव्या शतकात तत्त्वज्ञांशी वाद घालताना दोन अगदी सारख्या खजुरांचे उदाहरण घेतले होते: भुकेला माणूस उपाशी बसत नाही, एक उचलतोच, कारण सारख्यांतून एक वेगळे काढणे हेच इच्छेचे काम. यज्ञाचे नियम बिऱ्हाडाला कशाला लावायचे, असे कोणी विचारील. पण हे नियम वेदीपाशी थांबलेले नाहीत. वारसा आणि दत्तक यांवरच्या वचनांचा अर्थ लावताना धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी तेच वापरले, इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही त्यांची दखल घेतली. आणि हे शास्त्र आपल्या भागाला परकेही नाही: केवलानंद सरस्वतींचा सात खंडांचा मीमांसाकोश वाईला कृष्णाकाठी सिद्ध झाला. तीच कृष्णा पुढे सांगलीच्या घाटाला लागते.

मात्र मीमांसक विकल्पाला सहजासहजी हात घालत नाहीत. आधी ते पाहतात की बळ खरेच समान आहे का. परिस्थितीनेच निवाडा होत असेल, तर तो कर्त्याच्या मर्जीचा विषय उरत नाही. ही अट फार मोलाची आहे, कारण 'दोन्ही शहरे सारखीच' हे वाक्य पुष्कळदा आळसातून येते. ज्याच्या घरात आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे माणूस आहे, त्याने दवाखान्याजवळ जावे. तिथे तत्त्वज्ञान काढू नये. बहुसंख्य गरिबांना तर निवड असतेच कुठे, हा आक्षेपही इथे मिटतो: ज्याला एकाच शहरात काम किंवा डोक्यावर छप्पर मिळते, त्याच्यापुढे विकल्प नसतोच. शाहू महाराजांच्या काळात १९०१ पासून कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग आणि पुढे इतर समाजांची वसतिगृहे निघाली. खेड्यातली पोरे कोल्हापुरात आली ती शहरांची तुलना करून नव्हे. राहण्या-जेवणाची सोय झाली म्हणून आली. उलट काही कारणे वजनदार दिसतात आणि तोलताना निष्प्रभ ठरतात. पुराचेच घ्या. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही सालांत कृष्णा-पंचगंगा दोन्ही शहरांत शिरल्या, आणि दोघींचे पाणी नृसिंहवाडीला एकत्र येते. पूर हा सांगलीविरुद्ध कोल्हापूर असा मुद्दाच नाही. तो गावभाग की उंचावरची वसाहत, कुंभार गल्ली की टेकडीवरचे उपनगर असा मुद्दा आहे. देवाचेही तसेच. अंबाबाई कोल्हापुरात म्हणून कोणी तिकडे ओढला जाईल, पण सांगलीत राहणारा जोतिबाचा भक्त चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीवर जातोच. कुलदैवत पत्ता बदलल्याने बदलत नाही. सर्वत्र देव पाहायला शिकवणाऱ्या संतांचे ऐकले तर देवाच्या नावाने पारडे झुकवणे आणखीच अवघड.

मग कौल लावावा का? ग्रामदेवतेला कळ्या लावून उजवा-डावा विचारणे आपल्या भागात नवे नाही. सुशिक्षित माणूस याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो. मला दोष वेगळ्याच ठिकाणी दिसतो. कौलाचा एक उपयोग खरा आहे: घरातला वाद मिटतो, सासू आणि सून दोघीही निकाल मानतात. पण कौल लावणाऱ्याला बहुधा आणखी काही हवे असते. उद्या बिनसले तर 'देवीने सांगितले होते' असे म्हणायची सोय हवी असते. ज्या जागी शास्त्र मुद्दाम गप्प राहते, त्या जागी देवीला बोलते करून तिच्यावर जबाबदारी टाकणे, ही मला अश्रद्धेचीच एक तऱ्हा वाटते. वाद मिटवण्यापुरता कौल लावणाऱ्याशी माझे भांडण नाही. त्याने पुढे देवीला साक्षीला बोलावू नये.

विकल्पाला मीमांसक आठ दोष लावतात, आणि त्यांचे माणसांबद्दलचे निरीक्षण किती बारीक होते ते इथे कळते. साळ घेतली की जवाचे वचन तेवढ्यापुरते टाकावे लागते, म्हणजे प्रमाण असलेल्या वचनाचे प्रामाण्य सोडायचे आणि त्याच्यावर नसलेले अप्रामाण्य लादायचे. पुढे कधी जव घेतले की ते लादलेले काढायचे आणि सोडलेले परत घ्यायचे. हे चार, साळीच्या बाजूने तेच चार. कोल्हापुरात घर केलेल्या माणसाला वर्षाच्या आत 'सांगलीत आहेच काय' असे म्हणताना ऐकले, की हे दोष किती खरे आहेत ते पटते. निवड समर्थनीय ठरावी म्हणून नाकारलेल्या शहराला नावे ठेवली जातात. तिथले पाणी वाईट, माणसे हिशेबी. सांगलीकर हीच विशेषणे कोल्हापुरावर उलटवतात. निवडीला या निंदेची काही गरज नसते. खुद्द सांगलीच बघा. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन काकांशी बिनसल्यावर मिरज सोडून शेजारच्या सांगलीत आले. तेव्हा त्या लहानशा गावात मिरजेहून सरस असे काय होते? गणपतीचे देऊळ आणि पेठ नंतर उभी राहिली. कारणे निवडीच्या मागून आली, आणि म्हणून मिरज काही कमी झाली नाही.

मीमांसेतला पुढचा नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो. साळ घेऊन कर्म सुरू केले आणि मध्येच साळ नासली, तर काय घ्यायचे? जव हाताशी आहेत, वेदानेच सांगितलेले आहेत. तरी ते घ्यायचे नाहीत. साळीसारखे रानभात, नीवार, घ्यायचे. संकल्प साळीचा झाला आहे, तर तो जमेल तितका निभवायचा. कोल्हापुरात आल्यावर पहिली नोकरी सुटली, शेजार धड मिळाला नाही, की लगेच 'सांगलीलाच जायला हवे होते' हा विचार येतो. नियम सांगतो, आधी कोल्हापुरातच दुसरी नोकरी, दुसरी गल्ली शोध. हा हट्ट नव्हे का? हट्ट झाला असता, जर नियम जन्मभर लागू असता. तो त्या एका प्रयोगापुरता आहे. पुढच्या प्रयोगाला यजमान पुन्हा मोकळा. गुरुचरित्राच्या परंपरेनुसार नृसिंह सरस्वती नृसिंहवाडीला बारा वर्षे राहिले आणि मग गाणगापूरला गेले. भक्तांना दुःख झाले, पण वाडी चुकली होती असे कोणी म्हटले नाही.

राहता राहिला मधला मार्ग: घर एका शहरात, नोकरी दुसऱ्या, रोज जा-ये. अंतर पन्नासेक किलोमीटरचे, तेव्हा हे अशक्य नाही. दत्तप्रभू काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरला निद्रा करतात अशी श्रद्धा आहे, म्हणजे देवाला निवडावेच लागत नाही. माणसाचा दिवस चोवीस तासांचा. वीस वर्षे रोज जा-ये करणाऱ्याला दोन्हीकडे कोणी ओळखत नाही: इकडे तो रात्री उशिरा येणारा भाडेकरू, तिकडे साडेपाचला पळणारा कारकून. पोट भरण्यासाठी हे करावे लागते त्यांच्याबद्दल बोलायचे नाही. पण निवड टाळण्यासाठी हे करू नये.

तेव्हा बळ समान आहे अशी खात्री करून झाली असेल, तर जून उजाडायच्या आत एक शहर घ्या आणि मुलांचे दाखले काढा. आणि कोल्हापुरात वाढलेल्या मुलीने उद्या आपल्या संसारासाठी सांगली पसंत केली, तर तो तिचा प्रयोग आहे. तिला आपली जुनी वही दाखवू नका.