रेषेच्या अलीकडचा आनंद

मानोरा गावात बर्फ दिसतो तो रसवंतीवरच्या लादीत, नाहीतर अवकाळी गारपिटीत. तरीही तिथल्या एका शाळेत खेळाच्या सरांना एकदा बर्फावरची गोष्ट सांगावी लागली.

तालुक्याच्या आठशे मीटरच्या शर्यतीत त्यांची एक विद्यार्थिनी सगळ्यांच्या पुढे होती. रेषा दहा पावलांवर असताना तिने मैत्रिणींकडे वळून हात उंचावले. पाय अडखळला आणि मागची मुलगी पुढे निघून गेली.

"पायात गोळा आला व्हता, सर," ती म्हणाली.

सर रागावले नाहीत. तिला शेजारी बसवून सांगू लागले :

"२००६ चं तोरिनोचं हिवाळी ऑलिम्पिक. स्नोबोर्ड क्रॉस तिथं पहिल्यांदाच आला होता. दोन्ही पाय एका फळीला बांधायचे आणि चौघींनी एकदमच बर्फाच्या उतारावरून, वळणं नि उंचवटे पार करत खाली यायचं. अमेरिकेची लिंडसे जेकोबेलिस तेव्हा वीस वर्षांची. अंतिम फेरीत ती चांगलीच पुढे होती. शेवटून दुसऱ्या उडीत तिनं हवेतच फळी हातानं धरली. गरज काहीच नव्हती. उतरताना पडली, आणि स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडेन सोनं घेऊन गेली. लिंडसे आधी म्हणाली, तोल सावरायला फळी धरली. मग तिनंच कबूल केलं, की आनंदाच्या भरात तसं झालं."

मुलीने मान खाली घातली. "मंग तिनं खेळ सोडला का, सर?"

"नाही. नवा हंगाम यायचा आणि ती पुन्हा उतरायची. जागतिक अजिंक्यपदाची सुवर्णपदकं जिंकली, पण ऑलिम्पिक हुकतच गेलं. २०१० ला पाचवी, २०१४ ला सातवी, २०१८ ला चौथी. लोकांना मात्र ती एकच उडी आठवायची. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ती छत्तीस वर्षांची होती. ९ फेब्रुवारीला पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा ती पुढे. या वेळी रेषा ओलांडेपर्यंत तिनं दुसरं काही केलं नाही. सोळा वर्षांनी सोनं मिळालं. तीन दिवसांनी चाळीस वर्षांच्या निक बॉमगार्टनरबरोबर मिश्र सांघिक शर्यतीत दुसरंही."

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, गोळा नव्हता आला. मी मैत्रिणीइकडं पाह्यत होती."

"मले मालूम हाय, पोरी. सोयाबीन खळ्यावर आलं म्हणून तुहा बाप निजते का? पोतं घरात येईस्तोवर आभाळाकडं डोळा ठेवते. उद्या सकाळी मैदानावर ये."

तात्पर्य : आनंद जरूर करावा, पण रेषेच्या पलीकडे. आणि घाईचा आनंद कधी अंगाशी आलाच, तर सबब शोधू नये. चूक कबूल करून पुढच्या हंगामाला हजर राहावे.