सम आणि वयस्क

'समवयस्क' हा शब्द मोठा लबाड आहे. सम म्हणजे सारखं, वयस् म्हणजे वय. इथवर हिशेब जुळतो. पण पुढचा 'सम' खोडा, उरतो 'वयस्क'. म्हणजे मराठीत सरळ म्हातारा!

संस्कृतात याचाच भाऊबंद 'वयस्य'. वयाने तुल्य तो वयस्य, असं पाणिनीच सांगून गेलाय. पुढे त्याचा अर्थ झाला मित्र. नाटकातला विदूषक लाडवांवर जगणारा, पण राजाला खुशाल 'वयस्य' म्हणतो. राजाही रागावत नाही.

आमच्या बँकेत हे व्याकरण चालत नाही. मॅनेजरसाहेब आणि आमचा शिपाई एकाच वर्षाचे, एकाच महिन्याचे. साहेब त्याला 'अरे' म्हणतात. त्याने अरेला कारे नव्हे, नुसतं 'अरे' केलं, तरी मेमो! 'सम' फक्त वयाला लागतो, खुर्चीला नाही.

गंमत अशी, की साठी भरली की दोघे एकाच महिनाअखेरीला निवृत्त होणार. तोच हार, तोच नारळ. दुसऱ्या दिवशी बागेतल्या एकाच बाकावर कदाचित 'अरे'ला 'अरे' मिळेलही.

पण मी म्हणतो, वयस्य व्हायला माणसांनी वयस्क होईपर्यंत का थांबावं?